समर स्कूल कारध्याला का नको?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल जोएल मोकीर, फिलिप अगियों आणि पीटर हॉविट या तिघांना मिळालं. विषय होता इनोव्हेशन, म्हणजे नव्या कल्पनांमुळे अर्थव्यवस्था कशी वाढते. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने खासगी क्षेत्रातल्या संशोधनाला भांडवल पुरवण्यासाठी १ लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी नवोन्मेष आहे. मंत्र्यांच्या भाषणात आहे, विद्यापीठांच्या पत्रकांत आहे, आणि उन्हाळा जवळ आला की येणाऱ्या समर स्कूलच्या जाहिरातींतही आहे. "तरुण संशोधकांसाठी इनोव्हेशनच्या अर्थशास्त्राचा निवासी वर्ग." ठिकाण बहुतेक वेळा एखादं महानगर, नाहीतर थंड हवेचं गाव.

मी वैनगंगेच्या या काठाला, कारध्याला राहतो आणि पूल ओलांडून भंडाऱ्यात पोरांना अर्थशास्त्र शिकवतो. माझं म्हणणं साधं आहे. असा एक वर्ग मे महिन्यात कारध्याला भरवा. हे बोललो की लोक हसतात. इथे काय आहे, विचारतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी समर स्कूल म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्या यादीतल्या बऱ्याच जणांना ही लहान मुलांची छंदवर्गाची भानगड वाटेल. दहा-बारा दिवस, तीसेक तरुण संशोधक, चार-पाच नावाजलेले प्राध्यापक. सकाळी व्याख्यानं. दुपारी पोरं आपापला अर्धवट प्रबंध मांडतात आणि बाकीचे त्याच्या चिंध्या करतात. रात्री जेवणानंतर खऱ्या गप्पा. अमेरिकेतली एनबीईआर ही संस्था पीएचडी करणाऱ्यांसाठी उन्हाळ्यात इनोव्हेशनचा असा वर्ग घेते. ग्लोबेलिक्स नावाचं संशोधकांचं एक जगभराचं जाळं आहे, त्यांची अकादमी २००४ पासून चालते. फायदा मोठा असतो. एकट्याने लायब्ररीत सहा महिने बसून जे उमगत नाही ते अशा वर्गात आठ दिवसांत उमगतं. शिवाय पुढच्या वीस वर्षांची ओळखपाळख होते. कोण कुठे नोकरीला लागतो, कोणाचा लेख कुठे छापला जातो, याची मुळं पुष्कळदा अशा वर्गात असतात. म्हणून तो कुठे भरतो आणि तिथे कोणाला प्रवेश मिळतो, हा प्रश्न फालतू नाही.

आता या विषयाचं मूळ बघा. इनोव्हेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेची इमारत, लॅपटॉप आणि स्टार्टअप येतो. पण या शास्त्रातला एक पायाचा अभ्यास बियाण्यावर झालेला आहे. झ्वी ग्रिलिकेस नावाचा माणूस, डाखाऊच्या छळछावणीतून वाचलेला, पुढे शिकागोत अर्थशास्त्र शिकला. त्याने १९५७ साली संकरित मक्यावर एक निबंध छापला. प्रश्न असा की हा नवा मका आयोवाच्या शेतकऱ्यांनी भराभर उचलला आणि अलाबामात तो इतक्या उशिरा का पोचला? दक्षिणेतले शेतकरी मागासलेले, अडाणी, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. ग्रिलिकेसने आकडे मांडून दाखवलं की यात फायद्या-तोट्याचा हिशेब होता. जिथे मक्याचं क्षेत्र मोठं आणि दाट, तिथे बियाणं कंपन्यांना जायला परवडत होतं, तिथल्या हवामानाला जुळणारं वाण आधी तयार झालं, आणि शेतकऱ्याला त्यातून जास्त मिळणार होतं. बाकी ठिकाणी पोचायला वेळ लागला. पुढच्या वर्षी त्याने अजून एक हिशेब केला. या मक्याच्या संशोधनावर झालेला खर्च आणि त्यातून समाजाला मिळालेला लाभ यांचा. लाभ खर्चाच्या कित्येक पट निघाला. सरकारने संशोधनावर पैसा का खर्च करावा, याचं उत्तर देताना आजही लोक त्या हिशेबाकडे जातात.

म्हणजे शेतकऱ्याचं शेत, त्याची बिजाई आणि त्याचा नफा-तोटा यांवर हे शास्त्र उभं राहिलं. आता आपल्या धानाच्या पट्ट्यात या.

चंद्रपूर जिल्ह्यात नांदेड नावाचं गाव आहे. मराठवाड्यातलं नांदेड वेगळं, हे नागभीड तालुक्यातलं. तिथे दादाजी खोब्रागडे राहत. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड-एक एकर. १९८३ साली त्यांच्या बांधीत पटेल-३ हे वाण लावलेलं होतं. त्यात तीन-चार लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या, रंगाने पिवळसर, दाणा बारीक. आपल्यापैकी कोणी असतं तर कापून गंजीत टाकल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला ठेवल्या. पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध लावल्या, जनावरांनी खाऊ नये म्हणून भोवती काटेरी झुडपं रोवली. मग वर्षामागून वर्ष निवड, परत लावणी, परत निवड. त्यातून जे वाण उभं राहिलं ते उत्पन्नाला चांगलं, शिजल्यावर मऊ, चवीला उत्तम. शेजारच्या शेतकऱ्यांनी नेलं, मग बाजारात आलं. त्या काळात एचएमटीच्या घड्याळाचं फार अप्रूप होतं, म्हणून व्यापाऱ्यांनी धानाला तेच नाव देऊन टाकलं. आज आपण दुकानात जाऊन "एचएमटी द्या" म्हणतो, ते हे.

हे वाण विदर्भात तर पसरलंच, इतर राज्यांतही गेलं. नव्वदच्या दशकात कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाहीच्या केंद्राने त्यांच्याकडून बियाणं नेलं, त्यावर काम केलं आणि 'पीकेव्ही एचएमटी' नावाने वाण प्रसारित केलं. श्रेय कोणाचं यावरून वाद झाला. शास्त्रीय पद्धतीने शुद्धीकरण आम्ही केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. मूळ निवड माझी, असं दादाजींचं म्हणणं. दादाजी त्यानंतरही थांबले नाहीत, अजून वाणं काढली. २००५ साली त्यांना नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१० साली फोर्ब्स मासिकाने देशातल्या प्रभावी ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. ३ जून २०१८ रोजी ते गेले. कोट्यवधी ताटांत पोचलेला भात ज्यांनी शोधला, ते आयुष्यभर लहान शेतकरीच राहिले.

ही गोष्ट आपण सहसा दोन प्रकारे सांगतो. एक, डोळ्यांत पाणी आणून. दोन, यंत्रणेला शिव्या देऊन. दोन्ही झाल्यावर आपण जेवायला बसतो, एचएमटीचाच भात खातो आणि विसरतो. मी वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका पोराने आमच्या झाडीबोलीत विचारलं, "बिजाई त सप्पाइकडं गेली जी, मंग पैसा कोनाइकडं गेला?" नोबेलवाल्यांनी शाबासकी द्यावी असा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर फक्त "सरकारने अन्याय केला" एवढं नाही.

उत्तराचा एक मोठा भाग मका आणि धान यांच्यातल्या फरकात आहे. संकरित मक्याचं बियाणं शेतकऱ्याला दरवर्षी नवीन घ्यावं लागतं. घरचं बी पेरलं तर पुढच्या पिढीत ती ताकद राहत नाही. म्हणजे ज्याने वाण काढलं त्याला दरवर्षी गिऱ्हाईक. म्हणून अमेरिकेत मक्याच्या बियाण्याच्या मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. धानाचं तसं नाही. धानाचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं. एकदा चांगलं बी हाताशी आलं की शेतकरी घरचंच राखून ठेवतो, भावाला देतो, जावयाला देतो. दादाजींनी पहिलं पोतं विकलं तेव्हाच त्यांचा बाजार संपायला लागला. जितकं वाण चांगलं तितकं ते वेगाने पसरणार, आणि जितकं वेगाने पसरणार तितका काढणाऱ्याच्या हातात कमी पैसा राहणार. केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली हेच सामान्य रूपात मांडलं होतं: ज्ञान एकदा बाहेर पडलं की अडवून धरता येत नाही, म्हणून बाजारावर सोडलं तर शोध लावायला पुरेसा पैसा लागत नाही.

कायद्याचंही बघा. आपल्या पेटंट कायद्यात वनस्पती आणि बियाणं यांना पेटंट मिळत नाही. माझ्या मते ते बरोबर आहे, कारण नाहीतर घरचं बी राखणं हाच गुन्हा ठरला असता. त्याऐवजी २००१ साली पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. जगात असे कायदे बहुतेक कंपन्यांसाठी असतात. आपल्याकडे त्यात शेतकऱ्यालाही वाण निर्माण करणारा म्हणून मान्यता आहे, आणि बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा त्याचा हक्कही शाबूत आहे. कायदा चांगला आहे. पण एचएमटी बाजारात आलं तेव्हा तो नव्हता. आणि आज असला तरी आमच्या भागातल्या किती शेतकऱ्यांना वाणाची नोंदणी कुठे करायची ते सांगता येईल? पुढच्या चौकात उभं राहून विचारून बघा.

म्हणजे प्रश्न असा उरतो: घरचं बी राखायचा हक्कही राहिला पाहिजे, आणि ज्याने डोळे उघडे ठेवून वाण शोधलं त्यालाही काही मिळालं पाहिजे. मग पैसा कुठून यायचा? सरकारी बक्षिसातून? व्यापारी आणि राइस मिलवाल्यांकडून क्विंटलमागे काही पैसे घेऊन? विद्यापीठ आणि शेतकरी यांच्यात लेखी करार करून? प्रत्येक उपायाला खाचखळगे आहेत. यावर डोकं लावायला तरुण संशोधक पाहिजेत, आणि ते हॉटेलच्या सभागृहात बसून नाही होणार.

यावर एक शंका येते: मोजमापाचं काय? इनोव्हेशन मोजायच्या आपल्याकडच्या ठरलेल्या पट्ट्या आहेत. संशोधनावर खर्च किती, पेटंट किती, छापलेले लेख किती, स्टार्टअप किती. देश म्हणून आपण संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, असा सरकारचाच २०२०-२१ चा आकडा आहे. कमीच आहे, वाढला पाहिजे. पण त्या आकड्यात दादाजींचा खर्च कुठे आहे? काटेरी झुडपं आणि वर्षानुवर्षांची मेहनत कोणत्या रकान्यात लिहायची? पेटंटच्या रकान्यात शून्य, लेखांच्या रकान्यात शून्य, स्टार्टअपच्या रकान्यात शून्य. या पट्ट्या लावल्या तर धानाच्या पट्ट्यातलं आजवरचं एक सगळ्यात मोठं इनोव्हेशन घडलंच नाही, असं उत्तर येतं.

कारध्याचं नाव राज्याच्या बातम्यांत पावसाळ्यात येतं ते एकाच कारणाने. वैनगंगेची पातळी इथल्या पुलाजवळ मोजतात. २४५.५० मीटर ही धोक्याची खूण. ऑगस्ट २०२० च्या अखेरीला मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं आणि भंडारा शहरात घरांत शिरलं, तेव्हा आम्ही सगळे तासातासाला हा आकडा विचारत होतो. नदी मोजायची तर पट्टी पाण्यात रोवावी लागते, ही गोष्ट पाटबंधारे खात्याच्या शिपायालाही ठाऊक आहे. इनोव्हेशन मोजणाऱ्यांना मात्र पट्टी दिल्लीत रोवून भागेल असं वाटतं.

आणि एचएमटी एकटंच नाही. कारध्याला बसून तासा-दोन तासांच्या अंतरात या विषयाचा अर्धा अभ्यासक्रम सापडेल.

भंडारा म्हणजे एके काळची पितळेची पेठ. घागर, गुंड, परात, सगळं इथलं. मग स्टेनलेस स्टील आलं, अ‍ॅल्युमिनियम आलं, प्लास्टिक आलं, आणि हातोड्यांचा आवाज कमी कमी होत गेला. ज्या अगियों आणि हॉविट यांना नोबेल मिळालं, त्यांच्या सिद्धांताचं नावच सर्जनशील विनाश. नवं येतं ते जुन्याला मोडून. पुस्तकात ते समीकरण असतं. इथे त्या समीकरणातल्या 'जुन्या'च्या घरी जाऊन विचारता येतं: भट्टी कधी विझली? मुलगा काय करतो? नवीन धंद्यात जाताना कर्ज कोणी दिलं? नव्याचा फायदा सगळ्या समाजाला झाला, मोडण्याची किंमत मात्र चार गल्ल्यांनी भरली. ती किंमत वाटून घ्यायची पद्धत काय असावी, हा नोबेलच्या कामातलाच पुढचा प्रश्न आहे.

दुसरं, मामा तलाव. माजी मालगुजारी तलाव म्हणजे मामा तलाव. आमचा जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला जातो. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे तलाव बांधले, राखले. कोणत्या बांधीला पाणी आधी, कोणत्या नंतर, गाळ कोणी काढायचा, याचे नियम गावाने बसवले होते. तो नियमांचा संचही इनोव्हेशनच होता. जमीनदारी संपवणाऱ्या १९५० च्या कायद्यानंतर तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी गेली ते चांगलंच झालं, पण त्यासोबत देखभालीची घडीही विस्कटली. अलीकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी मिळून वेगळं काम केलं आहे. तलावात माजलेली बेशरमी उपटायची, स्थानिक पाणवनस्पती लावायच्या, म्हणजे देशी मासे परत येतात. कुठली वनस्पती कुठल्या माशाच्या कामाची, हे ज्ञान ढिवरांकडे आधीपासून होतं. आता त्याला पद्धतशीर कामाचं रूप आलं. याचा लाभ कोणत्या हिशेबात धरायचा? तलाव सरकारचा, ठेका सोसायटीचा, मेहनत ढिवरांची, फायदा गावाचा. करा बरं याचं अर्थशास्त्र.

तिसरं, हार्वेस्टर. आणि इथे मला एका पोरीबद्दल सांगायचं आहे.

माझी एक विद्यार्थिनी. घरी दोन एकर धान, आई दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला आणि कापणीला जाते. तिने विषय निवडला: हार्वेस्टर आल्यापासून कापणीची मजुरी, तणीस आणि लहान शेतकऱ्याचा नंबर यांचं काय झालं? 'नंबर' म्हणजे असं की भाड्याने आलेलं यंत्र आधी मोठ्या सलग शेतात जातं. लहान बांधी, मध्ये धुरे, यंत्र वळवायला वेळ जातो, ते मालकाला परवडत नाही. म्हणून लहान शेतकऱ्याचा नंबर शेवटी. तोवर अवकाळी पाऊस आला तर लोंब्या आडव्या. ज्याच्याकडे कमी, त्याला नवं तंत्र उशिरा आणि जास्त जोखमीने मिळतं. ग्रिलिकेसचाच प्रश्न आहे की नाही? तिने त्याचं नावही तेव्हा ऐकलेलं नव्हतं. आईच्या कामाचे दिवस कमी का झाले, एवढंच तिला शोधायचं होतं.

तिने एका मोठ्या शहरातल्या समर स्कूलला अर्ज केला. इंग्रजीत छापलेला एक तरी लेख हवा, दोन शिफारसपत्रं हवीत, शिवाय नोंदणी फी. ती फी तिच्या वर्षभराच्या कॉलेजच्या फीपेक्षा जास्त होती, आणि प्रवास स्वतःचा. आम्ही चार शिक्षकांनी मिळून पैशाची तजवीज करायचं ठरवलं होतं. ती वेळच आली नाही. उत्तर आलं की विषय "स्थानिक स्वरूपाचा" आहे.

संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण भांडण एका संस्थेशी नाही. पण तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. आयोवाचा मका स्थानिक नव्हता का? कॅलिफोर्नियातल्या एका खोऱ्यातल्या चिप कंपन्यांवर लिहिलेला प्रबंध जागतिक, आणि चार जिल्ह्यांतल्या धानकापणीवर लिहिलेला स्थानिक, हे कोणी ठरवलं? भात खाणारी अर्धी दुनिया आहे. लहान तुकड्यांच्या शेतीत मोठं यंत्र कसं शिरतं हा प्रश्न भंडाऱ्यासारखाच आशिया आणि आफ्रिकेतल्या कितीतरी देशांचा आहे. ज्या संशोधकाला तो आतून कळतो तीच दाराबाहेर राहिली.

आता आक्षेपांकडे वळतो, म्हणजे कोणाला टाइप करायचा त्रास नको.

"मे महिन्यात भंडाऱ्यात? ४५ अंशांत?" हो. विदर्भात उन्हाळ्यात सगळं सकाळपाळीतच चालतं. साडेसहा ते साडेदहा वर्ग घ्या. दुपारी पंख्याखाली संगणकावर आकडेमोड करा. संध्याकाळी गावात जा. मे महिन्यात जाणं सोयीचंही आहे, कारण उन्हाळी धानाची कापणी तेव्हाच सुरू असते, हार्वेस्टर डोळ्यांनी बघायला मिळतो, आणि खरिपाच्या धावपळीआधी शेतकऱ्याला बोलायला थोडी सवड असते. हे मी नवीन सांगत नाही. अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्राध्यापक राहिलेले अनिल गुप्ता १९९८ पासून शोधयात्रा काढत आले. गावोगाव पायी फिरायचं आणि लोकांनी लावलेले शोध हुडकायचे. उन्हाळ्यात उष्ण प्रदेशात जायचं आणि हिवाळ्यात थंड प्रदेशात, असा त्यांचा शिरस्ता. चालत जाणाऱ्यांना जमलं, बसून शिकणाऱ्यांना जमायला हरकत नसावी.

"राहायची सोय?" लग्नसराईत मंगल कार्यालय मिळणार नाही हे मान्य. पण कॉलेजं, वसतिगृहं आणि शाळा सुट्टीत रिकाम्या असतात. नागपूर विमानतळ फार लांब नाही. परदेशी पाहुणेही येऊ शकतात.

"मग गणिताचं, सिद्धांताचं काय? शिवारफेरीने अर्थशास्त्र येत नाही." शंभर टक्के खरं, आणि हा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. आमच्या पोरांना गावाची माहिती आहे, पण आकड्यांची तालीम कमी पडते. पॅनल डेटा म्हणजे काय, कारण आणि योगायोग वेगळे कसे करायचे, हे त्यांना चांगल्या माणसाकडून शिकायला मिळालंच पाहिजे. म्हणून तर वर्ग पाहिजे. नुसती भावना घेऊन एचएमटीचा हिशेब होणार नाही. मला उलट भीती आहे ती पर्यटनाची. बाहेरून तीस जण येतील, बैलगाडीत बसून फोटो काढतील, झुणका-भाकर खातील आणि जातील. तसलं काही नको.

"आमच्या गावात सर्वेवाले खूप येऊन गेले, आम्हाला काय मिळालं?" हा आक्षेप गावातला आहे आणि तो सगळ्यात खरा आहे. फॉर्म भरून नेतात, परत कोणी येत नाही. दादाजींच्या बियाण्याचं जे झालं तेच आपण लोकांच्या माहितीचं करत असू, तर मग इनोव्हेशनचं अर्थशास्त्र शिकवायचा आपल्याला अधिकार नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहितो.

एक. बारा दिवस, तीस जागा. त्यातल्या निम्म्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या विद्यार्थ्यांसाठी. बाकी निम्म्या देशभरातून, परदेशातूनही. दोघांनी एकमेकांकडून शिकायचं आहे.

दोन. फी नाही. प्रवासखर्च मिळावा. अर्ज मराठीत किंवा हिंदीत चालावा. छापलेल्या लेखाऐवजी चार पानांत आपला प्रश्न मांडा, एवढीच अट.

तीन. ज्या शेतकऱ्याचा, मजुराचा, मच्छीमाराचा अर्धा दिवस प्रश्नावलीत जाईल, त्याला त्या अर्ध्या दिवसाची मजुरी. उपकार म्हणून नाही, माहिती देण्याचा मोबदला म्हणून.

चार. शेवटच्या दिवशी जे हाती लागलं ते गावात मराठीत सांगायचं. चुकलं असेल तर लोक तिथेच सांगतील. लेख नंतर छापा.

पाच. जमवलेली सगळी आकडेवारी, नावं काढून, जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पोरांना शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

खर्च? तीस जणांचं बारा दिवसांचं राहणं-जेवणं माणशी रोज हजार रुपये धरलं तर ३ लाख ६० हजार. शिक्षकांचं मानधन, प्रवास, लोकांची मजुरी धरून माझ्या अंदाजाने दहा-बारा लाखांत बसतं. एक लाख कोटींच्या गप्पा चालल्या असताना हा आकडा लिहायलाही संकोच वाटतो. नागपूर विद्यापीठ, पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट आणि कृषी विद्यापीठ एकत्र आले तर होऊ शकतं. संशोधन पद्धतीच्या वर्गांना भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद अनुदान देते. परदेशी प्राध्यापकांना आणायला केंद्राची 'ज्ञान' योजना २०१५ पासून आहे. रस्ते आहेत. चालायला कोणीतरी निघालं पाहिजे.

हा विदर्भावरच्या अन्यायाचा पाढा नाही, तो वेगळा विषय आहे. इनोव्हेशनवर पुढची दहा वर्षं या देशात भरपूर पैसा खर्च होणार आहे. तो कुठे जावा हे सांगणारे तज्ज्ञ आज अशा समर स्कूलमध्ये घडतायत. त्यांनी फक्त पेटंट आणि स्टार्टअप पाहिलेले असतील तर पैसा फक्त तिकडेच जाईल. त्यांच्यापैकी पंधरा जण धानाच्या बांधीतून वर आलेले असतील आणि उरलेल्या पंधरांनी बारा दिवस त्या बांधीच्या धुऱ्यावर काढलेले असतील, तर पुढच्या दादाजी खोब्रागडेंसाठी एखादा रकाना तरी तयार होईल.

माझ्या यादीत विद्यापीठांतली माणसं आहेत, अधिकारी आहेत, परदेशात शिकवणारे जुने विद्यार्थी आहेत. हे वाचून आवडलं म्हणू नका. तुमच्या संस्थेतलं कोण याचा निर्णय घेऊ शकतं, ते मला कळवा. जिल्ह्यातल्या शिक्षकांनी आपल्याकडच्या पोरांचे चार-चार पानांचे प्रश्न लिहून घ्यायला आजच सुरुवात करावी. वर्ग कोणी मंजूर करायच्या आधीच आपल्याकडे तीस प्रश्न तयार पाहिजेत. त्या पोरीचा हार्वेस्टरचा प्रश्न पहिल्या क्रमांकावर आहे. तिने काम सोडलेलं नाही, या हंगामात ती अजून दोन गावांची माहिती गोळा करतेय.